पापणी पोचली पाहिजे

अख्ख्या वऱ्हाडात चित्र कसं पाहावं हे कळलेला माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे मोठे साडू. बाकी आपण सगळे नुसते टीव्हीसमोर बसतो. हे मी अमरावतीत कुठल्याही चौकात, कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे आणि सांगितलेलंही आहे. त्यातली गंमत अशी, की या माणसाला टीव्हीसमोर बसलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. ते कायम टीव्हीच्या मागं असतात. कुणाच्याही घरी गेले, की चपला काढायच्या, यजमानाला हात जोडायचे आणि पाण्याचा पेला यायच्या आत टीव्हीच्या मागं शिरायचं. पुढं फक्त त्यांची पाठ आणि पँटच्या मागच्या खिशातला स्क्रू ड्रायव्हर दिसतो. माझ्या लेकीसाठी स्थळ बघायला आम्ही गेलो, तेव्हा चांगला नवा शर्ट घालून आले होते. मी रस्ताभर बजावलं होतं, "साडभाऊ, आज मागं जायचं नाही." पोहे आले, मुलगा आला, मुलाचे वडील आले, आणि साडू कुठं आहेत म्हणून बघतो तर टीव्हीच्या मागून आवाज, "वायर कोनं लावली ही?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाहेर पडल्यावर त्यांनी आपला अहवाल दिला. "पोरगा चांगला हाये. घरही चांगलं हाये. फक्त वायर सावकाश वळवाची सोडून तिले बोटाएवढा बाक देल्ला हाये त्याईनं. मानसं जरा घाईची दिसतात, पन सांभाळून घेतीन आपल्या पोरीले." लग्न त्याच घरी ठरलं, आणि माणसं खरोखरच जरा घाईची निघाली.

साडूंचं घराणं मोर्शीकडचं, संत्र्याच्या बागांचं. भाऊ बाग बघतात. आमचे साडू मात्र ऐन तरुणपणी बहाराची चिंता भावांवर टाकून अमरावतीला आले आणि त्यांनी कॅमेरे बसवायचं दुकान काढलं. आता कॅमेरे सगळेच बसवतात. पण आजकाल जो तो इंटरनेटवरचे कॅमेरे लावतो. चित्राचे तुकडे करायचे, त्यांचे आकडे बनवायचे, दाबून बारीक करायचे, पाठवायचे आणि पलीकडं पुन्हा जोडायचे, असा तो कारभार. साडूंना हे मुळातच मान्य नाही. ते दुसऱ्या पंथाचे. कॅमेऱ्याला दिसलं ते जसंच्या तसं, न तोडता, न दाबता काळ्या गोल वायरीतून पळवायचं. तेही जुन्या काळच्या धुरकट चित्रासारखं नव्हे, तर चांगलं हाय डेफिनिशन. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, जमाना डिजिटलचा हाये." साडू म्हणतात, "जमान्याले म्हना, तोंड दाखव. पाहू किती साफ दिसते."

बँडविड्थ हा त्यांचा जीव की प्राण. मी सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेला माणूस, मला हा शब्द समजायचं काही कारण नव्हतं. पण त्यांच्या शेजारी दोन पंगती जेवलेल्या माणसाला तो समजल्याशिवाय राहत नाही. बासुंदीची वाटी बाजूला सारून ते सांगणार, "हे पाहा भाऊ. चित्रातली भिंत, आभाळ, मानसाचं पोट, हे कसल्याही फालतू वायरीतून जाते. मोठं काम हाये, आरामात जाते. पापनी जात नाई! पापनी म्हंजे बारीक काम. जितकं बारीक, तितकं वायरीत जोरात हलावं लागते. त्याले रुंदी पायजे. जुना टीव्ही पाच-सहा मेगाहर्ट्झमंधी खुश होता. याले तीस-पस्तीस लागतात. अन् वायर लांब झाली, का सगळ्यात पयले कोन मरते? पापनी! पोट शेवटलोक जिवंत राह्यते." असं म्हणून ते माझ्या पोटाकडं बघतात आणि मग बासुंदी ओढून घेतात. माणसांनाही त्यांनी हेच माप लावलेलं आहे. कुणी हुशार असला, पैसेवाला असला, भाषण चांगलं ठोकत असला, तरी समोरच्याचा उतरलेला चेहरा त्याला दिसला नाही, की साडूंचा निकाल ठरलेला. "पोट दिसते त्याले. पापनी नाई दिसत."

आता ही पापणी जाते की नाही हे तपासायचं कसं? मोठ्या शहरात त्यासाठी बारीक रेघांचे छापील तक्ते मिळतात म्हणे. साडूंनी तक्ता घरातूनच उचलला. त्यांच्या बायकोचं, म्हणजे माझ्या मोठ्या साळीचं, हिरव्या-पांढऱ्या बारीक चौकड्यांचं हातमागाचं लुगडं! कॅमेरा बसवून झाला, की पिशवीतून ते लुगडं निघायचं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं जायचं. पडद्यावर चौकडी न् चौकडी सुटी दिसली तर काम पास. चौकड्या एकमेकींत मिसळून नुसता मळका हिरवा रंग दिसला, तर वायर उपटून पुन्हा टाकायची. परतवाड्याच्या धान्याच्या दुकानात, नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात, दवाखान्यात, सगळीकडं हे लुगडं फिरून आलेलं आहे. कारखान्यातल्या लोकांना आधी वाटलं, हा माणूस नमुना घेऊन कापडाची ऑर्डर द्यायला आला.

हे लुगडं धरायचं काम बरीच वर्षं माझ्या लेकीकडं होतं. आम्ही तेव्हा परतवाड्याला, आणि तिचं कॉलेज अमरावतीला. म्हणून ती साडूंकडंच राहिली. त्यांना मूलबाळ नाही. पोरगी गेली तशी त्यांच्या घरची झाली. सुटीच्या दिवशी मावसाजींच्या स्कूटरवर मागं बसून निघायची, आणि ते शिडीवर चढून वायर जोडत असले की ही खाली दोन्ही हातांनी लुगडं ताणून उभी. "डावीकडं घे, मॅडम. जरा तिरपं. हालू नको!" त्यांच्या घरात तिचं नाव मॅडमच. घरी आली की आम्हाला सांगायची, "बाबा, मावसाजींसारखं काम कोणी करत नाही." मला जरा खुपायचं. बाप मी, आणि फुशारकी यांची! पण पोरीच्या तोंडावरचा तो अभिमान पाहून मीही दोन दिवसांनी कचेरीत तेच सांगायचो, वर थोडा मसाला लावून.

या सगळ्या कौतुकात एकच खडा होता, आणि तो म्हणजे आमच्या सासूबाई. आम्ही दोघे जावई त्यांना मामीजी म्हणतो. राहायला अकोल्याला, जिभेला धार अशी की भाजी चिरावी. ते चौकड्यांचं लुगडं मामीजींनी थोरल्या लेकीच्या लग्नात विणकराकडं स्वतः बसून, रेघा पसंत करून विणून घेतलेलं. एकदा अकोल्याच्या बाजारात एका दुकानात त्या शिरल्या आणि समोरच्या टीव्हीवर काय बघतात, तर आपल्या लेकीचं लुगडं! खाली दोन हात, वर कुणाचं डोकं दिसत नाही, आणि चार पोरं उभी राहून चौकड्या मोजताहेत. मामीजींनी तिथल्या तिथं जावयाला शिडीवरून खाली उतरवलं. "माह्या लेकीले देल्लं लुगडं तुमी बाजारात मांडता, जवाईबापू? बागायतदार म्हनून पोरगी देल्ली, अन् निघाले तारवाले!" तेव्हापासून त्यांनी थोरल्या जावयाला मानपान सगळं दिलं, आहेर दिला, दिवाळीला ओवाळलं, पण कामाबद्दल चांगला शब्द कधी दिला नाही. साडू हसण्यावारी न्यायचे. पण अकोल्याला जायचं असलं की अंगठ्यानं स्क्रू ड्रायव्हर खिशात खोल दाबायचे, ते मी बघितलेलं आहे.

मग मामीजींच्या नातवाचं लग्न पुण्याला झालं. एवढा प्रवास झेपणार नाही म्हणून त्या अकोल्यालाच राहिल्या, आणि लग्न त्यांना मोबाईलवर थेट दाखवायचं ठरलं. शेजारच्यांनी मोबाईल उशीला टेकवून दिला. मामीजी नवं लुगडं नेसून, हातात अक्षता घेऊन बसल्या. नवरदेवाचं तोंड मधूनमधून चौकोनी तुकड्यांचं व्हायचं, गाडी अडकायची, पुन्हा सुटायची. शेवटी "सावधान" ऐकू आलं, मामीजींनी डोळे मिटून अक्षता टाकल्या, आणि त्याच क्षणी पुण्याहून सुनेचा दुसऱ्या फोनवर फोन आला, "आई, जेवण लय छान झालं. जिलबी तर विचारूच नका." तिकडं पंगत उठत आली होती! मामीजींनी फोन ठेवला आणि उशीवरचा मोबाईल पालथा घातला. आम्ही नंतर अकोल्याला गेलो तेव्हा म्हणाल्या, "माह्या अक्षता वाढप्याच्या डोक्यावर पडल्या. पोराले काय पोचलं?" आम्ही सगळे हसलो. साडू हसले नाहीत. ते मोबाईल उलटा करून त्याच्या पाठीकडं बघत बसले होते.

म्हणून माझ्या लेकीचं लग्न आम्ही मुद्दाम अकोल्याला धरलं, मामीजींच्या घराच्या अगदी मागच्या मंगल कार्यालयात. मधे एक बोळ, एक भिंत आणि एक लिंबाचं झाड. नातीचं लग्न आजीनं चालत जाऊन पाहावं एवढाच हेतू. पत्रिका वाटून झाल्या, आणि मामीजी मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं, पलंग सोडायचा नाही, खुर्चीत बसवून नेणंसुद्धा नाही. मी म्हणालो, कार्यालयात इंटरनेट आहे, मोबाईल लावून देऊ. मामीजींनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "नको. माह्या शिळ्या अक्षता नको पोरीच्या डोक्यावर." त्या घरात त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही. साडू उठले, पलंगाजवळ गेले आणि म्हणाले, "मामीजी, तिकडं 'सावधान' म्हनतीन तवाच तुमच्या अक्षता पडतीन. अन् पोरगी साफ दिसन. हे माह्यावर." मामीजी भिंतीकडं बघतच म्हणाल्या, "तारेनं?" साडू म्हणाले, "तारेनंच."

त्यानंतर त्या माणसानं जे केलं, ते आमच्या कुळात कुणी नवरीच्या शालूसाठी केलं नसेल. सगळी वायर पुन्हा पारखून घेतली. आत नुसता तांब्याचा मुलामा असलेली वायर दुकानदारानं दाखवली, तर ती त्याच्याच गळ्यात घालून आले. स्टेजवरच्या कॅमेऱ्याचं शेपूट कार्यालयाच्या मागच्या खिडकीपर्यंत, आणि तिथून मामीजींच्या पलंगापर्यंत एकच अखंड वायर, मधे जोड नाही. "जोड म्हंजे लबाड निरोप्या, भाऊ. अर्धी गोष्ट स्वतःजवळ ठेवते." भिंतीवरून, लिंबाच्या फांदीखालून, मागच्या खिडकीतून ती नेली; कुठं बाक नाही, कुठं झोळ नाही, अशी ताणून बांधली. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आणलेला, वायर थेट घेणारा जाडजूड मॉनिटर पलंगासमोर मांडला. आदल्या दिवशी चौकड्यांची परीक्षा झाली. मामीजींनी मॉनिटरवर आपलं ते लुगडं पुन्हा पाहिलं, आणि या खेपेला काही बोलल्या नाहीत. तेवढ्यानंच साडूंची छाती फुगली.

लग्नाच्या दिवशी साडू कोशाच्या रेशमाचा झब्बा आणि फेटा घालून आले. थोरल्या जावयाचा मान म्हणून स्टेजसमोरची पहिली खुर्ची त्यांची. मुहूर्त अकराच्या सुमाराचा. ते शेवटची नजर टाकायला मामीजींच्या खोलीत गेले आणि बघतात तर मॉनिटरवर चित्र कसलं, धुकं! मांडव हिरवा, माणसं गुलाबी, पण एकालाही नाक नाही. साडू धावत मागच्या बोळात आले. आणि तिथं त्यांना जे दिसलं, ते आठवलं की मला आजही हसू आवरत नाही. लग्नघरात सकाळपासून पाहुण्यांच्या आंघोळ्या चालल्या होत्या. आमच्या बायकांना बोळात एक सरळ, ताणलेली, काळीभोर दोरी दिसली. एवढी छान बांधलेली दोरी वऱ्हाडातली कुठली बाई मोकळी सोडेल? साडूंच्या त्या अखंड वायरीवर ओले टॉवेल, धोतरं, पोरांच्या चड्ड्या आणि मोर्शीच्या आत्याबाईंचं नऊवारी असा सगळा संसार वाळत पडला होता! एक मावशी तर वायरीला शाबासकी देत होत्या, "कोनं बांधली वो ही वलनी? झुकत नाई बाप्पा."

साडूंनी कपडे ओरबाडून काढले. वायर शाबूत होती, पण त्या वजनानं कार्यालयाच्या मागच्या खिडकीजवळची पिन तिच्या खोबणीतून निसटत आली होती. नवी पिन बसवायला अवजार हवं, ते गाडीत, आणि गाडी वरातीच्या पलीकडं. इकडं भटजींनी नवरीला बोलावलं. साडू बायकोला मॉनिटरवर नजर ठेवायला सांगून त्या खिडकीखाली, स्वयंपाकघराबाहेरच्या एका स्टुलावर चढले आणि त्यांनी ती पिन मुठीत दाबून धरली.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी स्टेजवर. मला दिसत होती ती फक्त पहिली रिकामी खुर्ची, आणि मी मनातल्या मनात चिडत होतो, की हा माणूस आजही कुठंतरी मागं शिरला! लेक आली. मामानं दिलेली पिवळी साडी, आणि खांद्यावर शेल्यासारखं ते चौकड्यांचं लुगडं. मावशीकडून हट्टानं मागून घेतलेलं. तिनं खुर्ची पाहिली. मग कॅमेऱ्याकडं पाहिलं. आणि भर मांडवात ती कॅमेऱ्यासमोर थांबली, खांद्यावरचं लुगडं काढून दोन्ही हातांनी ताणून धरलं. भटजी थबकले, व्याह्यांकडच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं पोरगी गांगरली. आणि मागच्या बोळाकडून, मामीजींच्या खिडकीतून, माझ्या थोरल्या साळीचा आवाज सगळ्या कार्यालयावर आला, "दिसल्या! चौकड्या दिसल्या! आता हालू नका जी!"

आणि साडू हालले नाहीत. वऱ्हाडातली मंगलाष्टकं म्हणजे काय विचारता! भटजींची झाली, मग हौशी मामाची झाली, मग व्याह्यांकडच्या एका काकूंनी स्वतः रचलेली म्हटली. तेवढा वेळ तो फेटेवाला, कोशाच्या झब्ब्यातला थोरला जावई खरकट्या पातेल्यांमधे स्टुलावर उभा राहून मूठ दाबून होता. त्याला मांडव दिसत नव्हता, मॉनिटर दिसत नव्हता, पोरगी दिसत नव्हती. समोर नुसती भिंत. एका कानानं कार्यालयातला भोंगा आणि दुसऱ्या कानानं बोळापलीकडची खिडकी. शेवटचं "सावधान" झालं, वाजंत्री वाजली, आणि त्याच ठोक्याला खिडकीतून मामीजींचा आवाज आला, "पडल्या! बाप्पा, पडल्या!"

अंतरपाट दूर झाला, हार पडले, मग मी उतरून त्यांना शोधत मागं गेलो. ते अजून स्टुलावरच होते. हात आखडला होता, मूठ उघडेना. ती मी बोट बोट करून उघडली. मला म्हणाले, "भाऊ, पोरगी कशी दिसत होती?" मला रडू आलं. आलं म्हणजे आलं, त्यात लपवायचं काय? मी म्हणालो, "चला, मामीजींनाच विचारू."

मामीजींच्या पलंगावर, मॉनिटरवर, जमिनीवर सगळीकडं अक्षता. साडू दारातच थांबले, फेटा तिरका, झब्ब्याला कढीचा डाग. मामीजींनी त्यांना हातानं जवळ बोलावलं. उशीखाली जपून ठेवलेल्या चिमूटभर अक्षता काढून त्यांच्या डोक्यावर टाकल्या आणि म्हणाल्या, "जवाईबापू, अंतरपाट धरला तवा पोरीची पापनी वली झालती. म्या पाह्यली."

मी पोरीच्या शेजारी हातभर अंतरावर उभा होतो. मला ती दिसली नव्हती.

साडू मॉनिटरच्या मागं गेले. बराच वेळ तिथं वायर तपासत राहिले. त्यांची पाठ तेवढी हलताना दिसत होती, आणि आम्ही कुणी त्यांना हाक मारली नाही.

पुढच्या बहाराची संत्री यायच्या आत मामीजी गेल्या. अकोल्याच्या घरात आता भाडेकरू आहेत. साडूंनी मॉनिटर उचलून आणला, पण ती वायर काही काढली नाही. परवा आम्ही दोघं काही कामानं तिकडं गेलो, तर बोळात भाडेकरणीनं वायरीवर धुणं वाळत घातलेलं. पोराचा शाळेचा सदरा आणि दोन चादरी. मला वाटलं, आता यांचा पारा चढणार. साडूंनी खिडकीपाशी जाऊन टोकाची पिन बोटांनी घट्ट केली, सदरा जरा सरकवून नीट ओढून ठेवला. बाई बिचारी घाबरून म्हणाली, "काढू का भाऊ?"

"राहू द्या," साडू म्हणाले. "वायर अजून चांगली हाये. पाहनारं कोनी नाई आता."